घोडा घ्या, मास्तर

पावणं, तुमचा कावळा लगेच शिवला.

पंचगंगेच्या काठावर नैवेद्य ठेवून आम्ही मागं सरकलो नाही तोवर तो आला, भाताला चोच लावली आणि गेलाही. एरवी माणसं अर्धा अर्धा तास ताटकळतात. कुणी पुढं होऊन ‘पोरांकडं बघतो’ म्हणतं, कुणी ‘भावाशी बोलतो’ म्हणतं, तेव्हा कुठं कावळा खाली उतरतो. तुमच्या वेळी कुणाला तोंड उघडायची गरज पडली नाही. मागं उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या, मिस्त्रींची कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती, सुखानं गेला माणूस.

मी मात्र वाक्य पाठ करून आलो होतो. कावळा अडलाच तर पुढं व्हायचं आणि म्हणायचं, ‘पावणं, पुढच्या डावाला तुमचा नियम.’ ते तसंच तोंडात राहिलं. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं, कावळ्यावर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवशी तो जरा उशिरा आला असता तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, मी जिंकलेला माणूस आहे आणि मेलेल्या व्याह्याच्या बाबतीत थोडं उदार व्हायला हरकत नाही. माझी अक्कल तेव्हा किती होती ते पुढं येईलच.

आपली ओळखच पटावर झाली. माझ्या मनीषाची आणि तुमच्या मुलाची बैठक होती. आम्ही गडहिंग्लजहून गाडी करून तुमच्याकडं बावड्यात आलो होतो. बोलणी पटकन उरकली, कारण तुम्ही सुरुवातीलाच सांगून टाकलंत, “आमचं मागणं काय न्हाय. पोरगी द्या आन् जेवून जावा.” आता जेवण व्हायला तासभर होता आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बघून हसत बसली होती. तेव्हा तुम्ही आतून एक जड डबा आणलात. त्यात बुद्धिबळाची मोहरी होती, तुम्ही स्वतः ओतलेली. शिरोलीच्या फाउंड्रीत सुट्टीच्या दिवशी भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून केलेली. निम्मी तशीच पांढरी ठेवलेली आणि निम्मी ग्रॅफाईट चोळून काळी केलेली.

तुम्ही दोन मुठी माझ्यासमोर धरल्यात, एकीत पांढरं प्यादं, एकीत काळं. मी हात पुढं करणार तेवढ्यात माझ्या थोरल्या भावानं मध्ये हात घातला. “हे कसलं? मुलाकडच्यांचा मान. पांढरी पावण्यांची, पहिली चाल त्यांची.” सगळे हो हो म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी मान डोलावली. मुलीच्या बापाला त्या दिवशी दुसरं काय येतं!

तेव्हापासून पांढरी तुमची आणि काळी माझी. डाव झाला की माझी बोटं काळी आणि तुमची स्वच्छ. मनीषा मला हात धुवायला साबण काढून ठेवायची आणि तुम्ही म्हणायचात, “फाउंड्रीत आमी राबायचं आन् हात मास्तरांचं काळं.”

आणि तुम्ही नेहमी एकच सुरुवात करायचात. जगात निम्मी माणसं मधलं प्यादं पुढं ढकलतात. तुम्ही कधीच नाही. डावीकडच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं, मग त्याच्या शेजारचं एक घर, मग तिथून उंट तिरका. सगळं कडेकडेनं. पट मधून मोकळा, आणि तुम्ही कडेला बसून वाट बघताय. मी एकदा विचारलं, हे काय खेळणं? मध्ये या की. तर म्हणालात, “साच्यात रस मधनं वतला तर वाळू उखडती, मास्तर. रस कडनं सोडायचा, सावकाश. त्यो आपसूक मधी येतोय.” लोखंडाचा रस ओतण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्याशी यावर काय वाद घालणार?

पहिली दोन वर्षं मी मुद्दाम हरलो. हे तुम्हाला माहीत आहे, पण मी तोंडानं कधी कबूल केलेलं नाही, म्हणून आता करतो. मुलगी तुमच्या घरात, जिंकून कुठं जायचं होतं? मनीषानं मला तसं काही सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. मग एका दिवाळीत मी एक हत्ती उघडा सोडला. तुम्ही तो मारायला वजीर उचललात आणि हात तसाच वर राहिला.

“मास्तर, ह्यो हत्ती तुमास्नी दिसला न्हाय?”

“नाही दिसला.”

“गणिताचं मास्तर तुमी. दिसला न्हाय व्हय?” तुम्ही वजीर परत जागेवर ठेवलात. कपाळाची शीर उडत होती. “भीक घालालायसा मला? माझ्याच घरात बसून?”

आत मनीषाचं कढईतलं उलथनं थांबलं ते मला ऐकू आलं. वाटलं, झालं, आता हे पोरीला ऐकवतील. तुम्ही पोरीला काही ऐकवलं नाहीत. पटावर हात ठेवून म्हणालात, “हितं व्याही-बिव्याही कोण न्हाय. हितं डाव. फुकट द्यायचा न्हाय आन् फुकट घ्यायचा न्हाय. हात ठेवा.” मी हात ठेवला. मग म्हणालात, हवं तर आजपासून रंग आलटून पालटून घेऊ. मी नको म्हटलं. आधी काळ्यानं हरवतो, मग पांढरी मागतो, असं म्हणालो. शपथेच्या भरात माणूस काहीही बोलतो.

त्यानंतर मी मनापासून खेळलो आणि तरीही हरत राहिलो, हे मला जरा जड गेलं. कधी बरोबरी व्हायची. तुमच्या त्या कडेच्या सुरुवातीला काळ्यानं काय उत्तर द्यायचं ते मी पुस्तकांतून शोधलं, मोबाईलवर शोधलं. गडहिंग्लजहून येताना एसटीत डोक्यात चाली मांडत यायचो. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं. आमच्या घरी म्हणायचे, लेकीला भेटायला चाललाय की परीक्षेला? खरं सांगायचं तर मनीषाशी दोन शब्द बोलून मी पटाकडंच बघायचो. तीही मग हसून चहा टाकायला जायची.

आपला खरा वाद मात्र एका नियमाचा होता. तुमच्या आज्ज्यानं तुम्हाला लहानपणी गावाकडं बुद्धिबळ शिकवलं. बाकी सगळं तुम्ही नव्या नियमानं खेळायचात, पण एक गोष्ट आज्ज्याचीच. प्यादं पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचं काय करायचं? सगळं जग वजीर घेतं. तुमचा आज्जा म्हणायचा, ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं घ्यायचं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. “पाव्हण्यानं ज्या घरात जायाचं तितलंच जेवायचं,” असं तुम्ही म्हणायचात. मी शाळेच्या स्पर्धेतलं नियमाचं छापील पुस्तक आणून दाखवलं. तुम्ही चष्मा लावून ते पान वाचलंत, पुस्तक मिटून परत दिलंत आणि म्हणालात, “छापणाऱ्यानं आज्ज्याला इचारलं न्हाय.”

हा वाद वर्षानुवर्षं तोंडीच राहिला, कारण माझं एकही प्यादं कधी पलीकडं पोचलं नाही. तुमची पोचायची. एकदा तुमचं प्यादं हत्तीच्या घरात गेलं, वजीर घेतला असता तर माझी तिथंच मात होती. तुम्ही हत्ती घेतलात आणि आणखी पाऊण तास झगडून जिंकलात. तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटला. त्या दिवशी तुमच्याकडं नीट बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

तो शेवटचा डाव. तारीख सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमची सुरुवात तीच, कडेची. मी या वेळी घाई केली नाही. तुमची डावीकडची प्यादी पुढं गेली होती त्यामुळं तिथं मागं पोकळी होती आणि तुमचा राजा नेमका तिकडंच होता. मी त्या पोकळीतून एक प्यादं खाली सोडलं, मागून हत्तीचा आधार दिला. तुम्हीही गप्प नव्हता. तुमचा वजीर उजवीकडून येऊन माझ्या राजाच्या दारात बसला होता. तो मला दिसला नाही. मला फक्त माझं प्यादं दिसत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक काळं प्यादं शेवटच्या रांगेत जाणार होतं.

मी ते ढकललं. ते तुमच्या डाव्या घोड्याच्या घरात पोचलं.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “आयला! घोडा!”

मला वाटलं तुम्हाला आनंद झाला. मला नुसता घोडाच मिळणार म्हणून. मी बाजूला पडलेला काळा वजीर उचलून त्या घरात ठेवला.

“न्हाय न्हाय. घोडा घ्या, मास्तर.”

“वजीर घेतला.”

“घोडा घ्या म्हणालोय की!”

“सगळं जग वजीर घेतं, पावणं.”

“जगाचं सोडा हो! नीट बघा तरी. घोडा घ्या!”

तुमचा आवाज चढला तसा माझाही चढला. मनीषा ओला हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. आणि मी ते बोललो. म्हणालो, “तुमच्या आज्ज्याचा नियम आज्ज्याबरोबर गेला.”

पटाकडं बराच वेळ बघत राहिलात. मग तुमचा राजा हातात घेतलात आणि आडवा ठेवलात. आवाज न करता, हळूच. “जिंकलासा, मास्तर.” उठताना म्हणालात, “च्या घेऊन जावा.” मी चहा घेतला नाही. हातही न धुता एसटी धरली.

गाडीत बसल्या बसल्या दोन्ही घरांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अखेर काळ्यानं डाव जिंकला. नियमानं.’ ‘नियमानं’ हा शब्द कुणासाठी होता ते तुम्हाला कळलं असणार. तुम्ही अंगठा पाठवलात. मी तो अंगठा आमच्या घरात सगळ्यांना दाखवला.

नऊ दिवसांनी सकाळी मनीषाचा फोन आला. “अण्णा, मामा गेले.” अंघोळ करून खुर्चीत बसला होतात, पेपर मांडीवर होता. एवढंच. ती तुम्हालाच मामा म्हणते हे ठाऊक असून मी विचारलं, कोण मामा? तिनं पुन्हा सांगितलं.

आता वहीचं सांगतो. उत्तरकार्याच्या दुसऱ्या दिवशी मनीषानं ती माझ्या हातात दिली. चाली लिहून ठेवा म्हणून मीच तुम्हाला दिलेली शंभर पानी वही. चाली तुम्ही कधी लिहिल्या नाहीत. प्रत्येक डावाची फक्त शेवटची अवस्था पट्टी धरून पेन्सिलनं आखून ठेवलेली. चौसष्ट घरं, त्यात मोहऱ्यांची पहिली अक्षरं. ड्रॉइंग काढायची सवय तुमच्या हाताला होती. प्रत्येक आकृतीखाली एक शब्द. ‘खणखणीत’ किंवा ‘बद्द’. मला हसू आलं. तुम्ही एकदा मला शिरोलीला नेलं होतंत तेव्हा बघितलं होतं, रस ओतून केलेलं कास्टिंग वरून कितीही चकचकीत असो, तुम्ही हातोडी मारून आवाज ऐकायचात. आत पोकळी असली की बद्द वाजतं. त्या दिवाळीच्या आधीचे, मी मुद्दाम हरलेले सगळे डाव ‘बद्द’ होते. एकही सुटला नव्हता. म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ऐकू येत होतं. दोन वर्षं दम धरलात आणि मगच मला पकडलंत.

शेवटच्या पानावर आपला तो डाव होता. शेवटच्या रांगेत, तुमच्या घोड्याच्या घरात, तुम्ही काळ्या अक्षरात ‘घो’ लिहिला होता. खाली लिहिलं होतं, ‘मास्तरांनी घोडा घेतला. मात. काळं जिंकलं. खणखणीत.’

मेलेल्या माणसाचा राग येतो का, पावणं? मला आला. मी वजीर घेतला होता आणि तुम्ही वहीत आज्ज्याचा घोडा बसवलात. मेल्यावरही हट्ट सोडला नाहीत. मी मनीषाला हाक मारली आणि म्हणालो, बघ, तुझ्या सासऱ्यानं खोटं लिहून ठेवलंय. तिला दाखवायला डबा उघडला, वहीत बघून मोहरी मांडली आणि त्या घरात काळा वजीर ठेवला. ‘असं होतं खरं,’ म्हटलं.

मनीषा उभ्यानंच बघत होती. तुम्ही तिला खेळायला शिकवलंत हे मला माहीत नव्हतं. तिनं वाकून तुमचा पांढरा वजीर उचलला आणि माझ्या राजाच्या शेजारी ठेवला. एक घर फक्त.

“अण्णा, पण चाल मामांची हुती की. हितं वजीर बसला तर तुमचं संपलंच की.”

मी बघितलं. वजिराला मागून तुमच्या प्याद्याचा जोर होता. माझ्या राजाला जायला जागा नव्हती. मात. एका चालीत मात. सातवीच्या पोरालाही दिसावी अशी. आणि माझा नवा वजीर तिकडं कोपऱ्यात नुसता बसलेला, त्यानं तुमच्या राजाला साधा शहसुद्धा दिला नव्हता.

मग मी वजीर काढला आणि तिथं घोडा ठेवला. घोडा अडीच घरं चालतो. त्या घरातून अडीच घरांवर नेमका तुमचा राजा, पटाच्या कडेला. शह. राजाच्या मागं तुमचाच हत्ती, पुढं तुमचंच प्यादं, आणि शेजारच्या अख्ख्या उभ्या ओळीवर माझ्या हत्तीची नजर. मी एक एक घर बोट ठेवून तपासलं. दोनदा तपासलं. कुठंच जागा नाही. घोडा घेतला असता तर डाव त्याच क्षणी माझा होता.

‘आयला! घोडा!’ म्हणजे तुम्हाला तुमची मात दिसली होती. आणि ती तुम्ही ओरडून मला सांगत होतात. मी ऐकत नव्हतो. मी माझ्या अज्ञानानं जिंकलेला डाव हरून बसलो होतो, तुम्ही नुसता वजीर एक घर सरकवायचा होता. मी आज्ज्यावरून बोललो तेव्हा तर तुम्हाला हक्कच होता. तुम्ही पटाकडं बघत राहिलात तो वेळ मला आता कळतो. तुमच्या पुढ्यात फुकटचा डाव पडला होता, उघड्या हत्तीसारखा. तो तुम्ही घेतला नाहीत. राजा आडवा केलात.

मी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. पहिल्यांदा वाटलं, यांनी शपथ मोडली, मला डाव फुकट दिला. मग पटलं की दिला नाही. तुमच्या हिशोबी प्यादं त्या घरात पोचलं तेव्हाच डाव संपला होता, पुढं मी जे केलं ती चूक होती आणि माझ्या चुकीवर तुम्हाला जगायचं नव्हतं. तुम्हाला घासाघीस जमायचीच नाही. बैठकीत पोरगी मागितलीत तेव्हाही जमली नव्हती.

मनीषा म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मामा मला म्हणाले, तुझ्या बाऽनं आज बेस्ट खेळ केला बघ. पहिल्यांदा.” मी तिला म्हटलं, हे मला नऊ दिवसांत का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही फोन कुठं उचलला?” खरं होतं. रागात मी तिचे दोन फोन उचलले नव्हते. त्यातला एक, ती म्हणाली, तुम्हीच तिच्या मोबाईलवरून केला होता.

ते ऐकून मी परसात गेलो आणि रडलो. लपवत नाही. पासष्टीच्या पुढचा माणूस, तोंड पुसायला हात वर नेला तर बोटं काळी. चेहरा काळा झाला. मनीषानं साबण आणून दिला.

काल मी ग्रुपवर लिहिलं, ‘दुरुस्ती. शेवटच्या डावात मी वजीर घेतला, ती माझी चूक. घोडा घ्यायला हवा होता. डाव मिस्त्रींच्या नियमानं काळ्यानं जिंकला.’ कुणाला काही कळलं नाही. जावयांनी अंगठा पाठवला, अगदी तुमच्यासारखा. ते पाहून जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

आज्ज्याबद्दल बोललो ते मागं घेतो. तुम्ही फोन करून काय सांगणार होतात ते मला आता कधी कळणार नाही. शिव्या घालणार असाल तर त्याही चालल्या असत्या. तुमच्याकडून मी एकच डाव जिंकलो, आणि तो जिंकलाय हे मला तुमच्या हस्ताक्षरात वाचावं लागलं.

परवा एकटाच नदीवर जाऊन आलो. कावळे होते पुष्कळ, भात नव्हता. पाठ केलेलं वाक्य अजून तोंडात होतं, पण ते बदलावं लागलं. पुढचा डाव आता कुठला? मी मोठ्यानं म्हणालो, धुणं धुणाऱ्या बाईनं वळून बघितलं तरी म्हणालो.

पावणं, त्याच डावाला तुमचा नियम. घोडा घेतला.